तेरा मिनिटांत ताकद वाढते का?

‘व्यायामाला वेळ नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एक हिशेब पक्का असतो : जिमला जायला-यायला अर्धा तास, व्यायामाला एक तास, आंघोळ वेगळी. एवढं जमत नसेल तर करून उपयोग काय? माझ्या मते आळसापेक्षा या हिशेबानेच जास्त लोकांना व्यायामापासून दूर ठेवलं आहे.

न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३४ तरुणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजनांच्या व्यायामाची सवय असलेले हे तरुण आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम करत होते. एका गटाने प्रत्येक व्यायामाचा एकच सेट केला, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने पाच. एक सेटवाल्यांचं काम सुमारे १३ मिनिटांत उरकायचं, पाचवाल्यांना तासाहून अधिक वेळ लागायचा. तरी ताकद तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. स्नायूंचा आकार जास्त सेट करणाऱ्यांचा अधिक वाढला, हेही खरं. म्हणजे दंड भरदार करायचे असतील तर वेळ द्यावा लागेल. जिना चढताना, सिलिंडर सरकवताना लागणारी ताकद हवी असेल तर थोडक्यात भागतं.

अट एकच, आणि ती नेमकी विसरली जाते. त्या अभ्यासात प्रत्येक सेट पुढची आवृत्ती निघेनाशी होईपर्यंत चालायचा. घरी इतकं टोक गाठायची गरज नाही. ‘अजून एक-दोनच निघतील’ असं वाटेल तिथे थांबलं तरी चालतं. पण मोबाइल बघत वीस बैठका मारल्या आणि श्वासही वाढला नाही, तर त्या तेरा मिनिटांचा हा परिणाम मिळणार नाही.

‘घरात वजनं नाहीत’ ही अडचण तर फारच लवकर सुटते. जमिनीवर पुश-अप काढताना शरीराचं साधारण ६४ टक्के वजन हातांवर येतं. गुडघे टेकवले तर ते ४९ टक्क्यांच्या आसपास उतरतं. हात स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले की आणखी कमी, पाय स्टुलावर ठेवले की जास्त. भिंतीपासून सुरुवात करून जमिनीपर्यंत उतरायला काही महिने लागू शकतात, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर ज्याचा प्रसार केला तो व्यायाम उत्तमच आहे. सांधे मोकळे होतात, हात-खांद्यांवर भार येतो. पण त्यात काही ओढावं लागत नाही, त्यामुळे पाठीच्या वरच्या भागाला काम कमी पडतं. पुस्तकांनी भरलेली सॅक घ्या, कमरेतून पुढे वाका, पाठ सरळ ठेवून सॅक पोटाकडे ओढा. ही भर आठवड्यातून दोनदा पुरे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगते.

‘घरकामातच माझा व्यायाम होतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. घरकामात हालचाल भरपूर होते, ती शरीराला उपयोगीही पडते. पण शरीर ओळखीच्या भाराला सरावतं. वीस वर्षं तीच बादली उचलली तर ताकद बादलीपुरतीच राहते. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांकडून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलून घेतली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारलेली दिसली. वजन उचललं की बायकांचं अंग पुरुषी होतं, ही भीतीही निराधार आहे. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असतं.

असाच एक गैरसमज पोटाबद्दलही आहे. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. त्या व्यायामांनी तिथले स्नायू बळकट होतात, इतकंच.

‘आता या वयात काय?’ याला सर्वांत ठाम उत्तर बोस्टनमधून आलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना पायांचे वजनाचे व्यायाम दिले. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. घरातल्या आजी-आजोबांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं ही चांगली सुरुवात आहे. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही, कारण त्याने रक्तदाब चढतो. हृदयविकार किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे बसताना ती मागे सरकत नाही.