अंथरूण पाहून संगणक

घरांत एखादी नवी वस्तु येऊं घातली, कीं तिच्याविषयीं दोन पक्ष पडावयाचेच. रेडिओच्या वेळीं ते पडले, दूरचित्रवाणीच्या वेळीं पडले, आणि आतां खेळांसाठीं घ्यावयाच्या संगणकाच्या वेळींहि पडत आहेत. मुलें म्हणतात, प्रोसेसर भारी हवा. वडील मंडळी म्हणतात, खेळण्यासाठीं एवढा पैसा कशाला? आमच्या मतें या कामीं पैसा वाया जातो तो खेळापायीं नव्हे, तर मेळ न पाहतां केलेल्या खरेदीपायीं. हें शहाणपण आम्हांस पदरमोड करूनच आलें. म्हणून तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथें फुटतो, तें कसाल हें आमचें गांव. संगणकाचा एखादा सुटा भाग हवा झाला, कीं आम्हीं कुरिअरची वाट पाहावी, नाहीं तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्याचें काम सांगावें. धाकट्या बंधूंच्या मुलास घरानें काजूच्या उत्पन्नांतून ठराविक रक्कम काढून दिली, आणि तेवढ्यांत बसेल असा संगणक स्वतः जोडण्याचें त्यानें कबूल केलें. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं मुंबईच्या काकांच्या पिशवींतून इंटेलचा 'कोअर आय-३ १२१००एफ' हा प्रोसेसर, मदरबोर्ड वगैरे सामान आलें. विसर्जन झाल्यावर माजघरांत जोडणी झाली. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळा तो काळाच! आजी जपमाळ थांबवून म्हणाल्या, "अरे, डोकें आणलेंस, पण डोळे आणायचे विसरलास वाटतें!"

आजींचें बोलणें अक्षरशः खरें निघालें. इंटेलच्या नांवांतील 'एफ' या अक्षराचा अर्थच असा, कीं या प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोय नाहीं. त्यासाठीं ग्राफिक्स कार्ड निराळें घ्यावें लागतें. तें घेण्यास पैसे उरले नव्हते, आणि मोहोर फोडलेली डबी दुकानदार परत घेईना. बंधु संतापले. "पैसे पाण्यांत गेले," एवढेंच म्हणून ते पडवींत निघून गेले. मुलगा दोन दिवस धड जेवला नाहीं. पुढील काजूपर्यंत एक पैहि मिळावयाची नाहीं, असें ठरलें.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचें गणित करणारें अंग. १९७१ सालीं इंटेलनें विक्रीस काढलेल्या '४००४' मध्यें सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियममध्यें ते ३१ लाखांवर गेले. पेंटियमच्या घडणींत मोठा वांटा असलेले विनोद धाम यांचा जन्म १९५० सालीं पुण्यास झाला. पुढें ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहान कंपनींत गेले. ती कंपनी १९९६ सालीं एएमडीनें घेतली, आणि १९९७ सालीं एएमडीचा 'के-६' निघाला. हा पेंटियमच्याच जातीच्या खोबणींत बसे आणि किंमतीस उतरता असे. एकाच मनुष्याचा हात दोन प्रतिस्पर्धी घरांच्या प्रोसेसरांस लागला, हा योग विलक्षण खरा. पण ग्राहकास त्याहून मोलाचें हें, कीं अशा चुरशीनेंच किंमती मध्यम स्थितींतील घरांच्या आवांक्यांत येण्यास हातभार लागला.

आतां खेळाचा विचार. चेंडू कोठें पडला, गडी कोणीकडे वळला, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून सेकंदास साठ साठ चित्रें रंगविण्याचें काम ग्राफिक्सचें. आचारी चपळ आणि वाढपी मंद असला, किंवा याच्या उलट असलें, तरी पंगत सारखीच रखडते. म्हणून साधारण खर्चांत खेळाचा संगणक जोडणारानें प्रोसेसर मध्यम घेऊन वांचलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा. १२१००एफ हा चार गाभ्यांचा प्रोसेसर चांगल्या कार्डाच्या जोडीस पुष्कळ खेळ नीट चालवितो; दोष त्याचा नव्हता, दोष जोडीदार न आणण्याचा होता.

कार्डापुरता पैसा मुळींच नसेल, तर ज्याच्या पोटांतच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर पाहावा. एएमडीचा २०२१ चा 'रायझेन ५ ५६००जी' हा त्यांपैकीं एक. त्यांत सहा गाभे आहेत. मात्र हें पोटांतलें ग्राफिक्स रॅममधूनच आपला शिधा घेतें; म्हणून सोळा जीबीची एकच पट्टी घालण्यापेक्षां आठ-आठ जीबीच्या दोन घालाव्या. दोन वाटांनीं माल आल्यानें चित्राचा वेग स्पष्ट वाढतो. हलके खेळ यावर सुखानें चालतात, आणि पुढें ऐपत आली कीं निराळें कार्डहि बसवितां येतें. प्रोसेसर व मदरबोर्ड यांची खोबण एकाच जातीची आहे ना, हें मात्र मागविण्यापूर्वींच ताडून पाहावें.

कोंकणांतल्या घरांस आणखी एक पथ्य आहे. काटकसर करावयाची ती एसएमपीएसवर नव्हे. विजेचा दाब खालीं-वर झाला, तर हलका एसएमपीएस स्वतः मरतांना मदरबोर्डासहि घेऊन जातो. अर्थिंग नीट करून घ्यावें. जांभ्याची जमीन चैत्र-वैशाखांत कोरडी पडते, तेव्हां अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें. वीज कडकडूं लागली, कीं प्लग काढून ठेवावा. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. पावसाळ्यांत यंत्र भिंतीला चिकटवून ठेवूं नये, आणि आठवड्यांतून दोन-तीनदां तरी तासभर चालवावें, म्हणजे आंतल्या उबेनें ओल धरत नाहीं.

थोडक्यांत मेळ साधून मोठें काम करणें हें महाराष्ट्रास नवें नाहीं. अमेरिकेनें महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' तयार झाला. त्यांत एकच प्रचंड प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्यूटर नांवाचे पुष्कळ लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून कामाची वांटणी केली होती. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणारांस या युक्तीचें मर्म निराळें सांगावयास नको.

असो. आमचा संगणक सहा महिने जुन्या धोतराच्या पानांत गुंडाळून कपाटावर बसला होता. तेवढ्या अवधींत मुलानें प्रत्येक भागाचें नांव, खोबण आणि विजेची भूक वहींत टिपून काढली. काजू विकले गेले तेव्हां पैसे बंधूंनींच आपण होऊन पुढें केले, पण आधीं वही मागून पाहिली. कार्ड वापरलेलें, पण पारखून घेतलें. पडदा उजळला तेव्हां आजींना मुद्दाम बोलावून आणिलें.

खेळास रात्रीं एक तास, हा नियम अजून चालू आहे. आतां गांवांत कोणास संगणक घ्यावयाचा झाला, कीं तो आमच्या पडवींत येतो. मुलगा वही उघडतो आणि पहिलें विचारतो, "काम कोणतें, आणि पैसे किती?" प्रोसेसरचें नांव त्यानंतर निघतें.