एका स्वस्त तपासणीची तीस वर्षं

१९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये वेगानं वाढणाऱ्या लिम्फोमाविषयी एक लेख आला. दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी चाळून त्यात पाच प्रश्न निवडले होते: वय साठीपुढे आहे का, आजार किती पसरलाय, लसिकाग्रंथींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी गेलाय का, रुग्णाला आपली कामं जमतात का आणि रक्तातलं एलडीएच वाढलंय का. प्रत्येक प्रतिकूल उत्तराला एक गुण. कमी गुणांच्या गटात पाच वर्षांनी ७३ टक्के रुग्ण हयात होते, सर्वाधिक गुणांच्या गटात २६ टक्के. हाच तो ‘आयपीआय’ निर्देशांक.

पाचांत रक्तातलं प्रथिन एकच. एलडीएच पेशींच्या आत असतं. गाठ झपाट्यानं वाढू लागली, पेशी मरू लागल्या की ते रक्तात उतरतं. पण रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली आणि तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा चढतो. सीरम लालसर दिसलं की लॅबवाले नमुना पुन्हा मागतात, तो यासाठीच.

पुढे दावेदार बरेच आले. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढलेलं असणं वाईट, पण मूत्रपिंडं थकली तरी ते वाढतंच. अल्ब्युमिन यकृताच्या दुखण्यातही घटतं. सीआरपी साध्या जंतुसंसर्गातही उसळतं. २०१४ मध्ये फ्रेंच संशोधकांनी रक्तातल्या पीडी-एल१ या प्रथिनाकडे बोट दाखवलं. रोजच्या तपासणीत मात्र एलडीएचची जागा कुणी घेतली नाही. उलट त्याच वर्षीच्या सुधारित निर्देशांकानं ते नुसतं वाढलंय का एवढ्यावर न थांबता किती पट वाढलंय, तेही मोजायला घेतलं.

चित्र पालटलं ते औषधानं. जुन्या ‘चॉप’ केमोथेरपीला रिटुक्सिमॅबची जोड मिळाली. २००७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी त्याच पाच प्रश्नांनी नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा सर्वाधिक जोखमीच्या गटातही चार वर्षांनी ५५ टक्के रुग्ण हयात होते. भारतात स्वदेशी रिटुक्सिमॅब आलं तेही त्याच वर्षी. गुण तेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला.

तेव्हा रिपोर्टवर एलडीएच वाढलेलं दिसलं म्हणून इंटरनेटवर टक्केवारी शोधत बसू नका. ती अनेक रुग्णांच्या गटाची असते, आणि बऱ्याचदा जुन्या उपचारांच्या काळातली. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: सगळं धरून आमचा आयपीआय किती, आणि त्यानं उपचारात काय बदलतं?