‘हा पुढे गर्दुल्लाच होणार!’

लालबाग-परळमध्ये हे वाक्य सहज निघत नाही. 1982चा संप फसला, गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि त्याच दशकात गर्दच्या पुड्या चाळीचाळीत पोचल्या. ते दिवस पाहिलेली पिढी अजून आहे. त्यामुळे दुसरीतला पोरगा बाकावर बूड टेकत नाही, रोज कुणाला तरी ठोकून येतो म्हटलं, की त्याचं भविष्य जिन्यातच वर्तवलं जातं.

भीती खरी आहे, भविष्य खोटं. लहानपणापासून मारामाऱ्या, चोऱ्या, शाळा बुडवणं चालू असलेल्या मुलांमध्ये पुढे व्यसनाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. पण जास्त म्हणजे सगळी नव्हेत. अमेरिकेत ली रॉबिन्स यांनी बालमार्गदर्शन केंद्रात येऊन गेलेल्या मुलांचा तीस वर्षांनी माग काढला आणि 1966मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. समाजाला उपद्रव देणाऱ्या मोठ्या माणसांचं बालपण बहुधा तसंच गेलेलं असतं. मात्र तशा मुलांतली बहुतेक पुढे तशी होत नाहीत, हा त्यांच्या कामाचा निष्कर्ष. जिन्यातल्या भविष्यात हा दुसरा भागच गळून जातो.

मग मधल्या वर्षांत काय करायचं? ‘दोन ठेवून दिल्या की सरळ येतो,’ हे उत्तर आपल्याकडे तयार असतं. माराने आक्रमकपणा वाढतो, हे वारंवार दिसून आलंय; शाळेत तर 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदीच आहे. उलट अमेरिकेतल्याच बाल्टिमोरमध्ये 1985च्या सुमारास पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ सुरू झाला. बाई वर्गाचे गट पाडत, नियम फळ्यावर लिहीत. ठरलेल्या दहा-पंधरा मिनिटांत कुणी नियम मोडला की त्याच्या गटापुढे एक खूण. खुणा मोजक्याच राहिल्या तर गट जिंकला. सगळेच गट जिंकू शकत. ही मुलं 19 ते 21 वर्षांची झाली तेव्हा, पहिलीत सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांचं व्यसन, खेळ न खेळलेल्या वर्गांतल्या तशाच मुलग्यांपेक्षा बरंच कमी निघालं. औषध नाही, फटका नाही. आपल्या महापालिका शाळांत हे का होऊ नये, हा प्रश्न मला सोडत नाही.

घुम्या मुलाकडे मात्र कुणाचं लक्षच जात नाही. ‘गुणी आहे हो, आवाज नाही त्याचा.’ उदासीचा आणि पुढच्या व्यसनाचा संबंध वांडपणाइतका सरळ नाही, अभ्यासांत मतभेद आहेत. पण उदासी हे स्वतःच दुखणं आहे. आणि मुलांमध्ये ती रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसते. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण 7.3 टक्के होतं.

‘डॉक्टरच्या गोळ्यांचीच सवय लागेल’ या धास्तीने अतिचंचलतेचे उपचार अर्धवट सोडणारे पालक पुष्कळ. 2013मध्ये 15 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले. लहानपणी या गोळ्या घेतल्याने पुढे व्यसन वाढल्याचं दिसलं नाही.

आणि व्यसनाची खरी सुरुवात आपण मोजतच नाही. घरात मशेरी भाजली जाते, ‘जरा तंबाखू आण रे’ म्हणून पोरालाच टपरीवर पिटाळलं जातं, आणि धास्ती मात्र एमडीसारख्या अमली पदार्थांची. 2019च्या पाहणीत देशातले 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. त्याच वर्षीच्या व्यसनविषयक राष्ट्रीय अहवालात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला नशेचा प्रकार एकच होता: हुंगायच्या वस्तू, म्हणजे व्हाइटनर, सोल्युशन वगैरे.

‘मुलांना मानसोपचाराला नेणं हे हल्लीचं फॅड’ म्हणणाऱ्यांसाठी: नागपाड्यात 1936मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने 1937मध्येच बालमार्गदर्शन केंद्र उघडलं होतं. आज परळच्या केईएममध्ये आणि मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये मानसोपचार विभाग आहेत, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मराठीतही बोलतो. डॉक्टरांकडे जाताना शाळेचे शेरे आणि झोपेच्या वेळा लिहून न्या, आणि थोडा वेळ मुलाला त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या.