पितळेवर रंग का टिकत नाही?

कबनूरला यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर कानावर असतो. शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. त्याच मागाची वीतभर प्रतिकृती करायची, तर लाकडी धोटा सोपा. घाम काढतात ती पितळी चाकं.

पितळ गुळगुळीत. थेट दिलेला रंग नखाने पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून आधी बारीक कानशीने कडांची बर काढायची, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकं घासायचं, मग भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. वाळल्यावर थिनरचं फडकं फिरवायचं. यापुढे भाग चिमट्यानेच उचला. बोटाचा तेलकटपणा लागला, की नेमका तिथेच रंग सुटतो.

त्यावर वॉश प्रायमरचा पातळ हात. त्यातलं आम्ल धातूला किंचित खातं, म्हणून पकड येते. खिडकीच्या गजांना लावतात तो रेड ऑक्साइड इथे नको, त्याच्या जाड थराने चाकाचे दाते बुजतात. रंगाचे दोन-तीन झिरझिरीत हात पुरतात.

पावसाळ्यात मात्र मी लॅकरचा डबा उघडतच नाही. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक चढते आणि काळा माग राखाडी दिसू लागतो.