रानपिंगळ्याची चिठ्ठी

पहाटेच्या कसारा लोकलने आम्ही चौघे आटगावला उतरलो, तेव्हा उजाडायला अवकाश होता. ‘घुबड बघायचं तर रात्री यायचं ना,’ तानशाकडे नेणारा जीपवाला म्हणाला. पण रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. हिवाळ्यात ऊन वर आलं की सागाच्या ओक्याबोक्या फांदीवर अंग शेकत बसतो. त्याला गाठायचं ते तेव्हाच.

गावाकडे दिसतो तो साधा पिंगळा. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी याच पक्ष्याची भाषा जाणतो, असा जुना समज. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे आणि पाय चांगले दणकट. फरक एवढाच, पण त्यापायी शंभर वर्षांचं रामायण झालं.

पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या ब्लेविट यांना 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात हा पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. मग खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या बाजूला काही नमुने गोळा केले. 1884 नंतर सामसूम. तरी संग्रहालयात एक नमुना होता, त्याच्या पायाला चिठ्ठी: 1914, मांडवी, गुजरात. संग्राहक कर्नल माइनर्टझहागेन. पक्षी-अभ्यासात नाव मोठं, त्यामुळे शंका घ्यायची कोणाला सुचली नाही आणि शोधणारे त्या चिठ्ठीच्या मागे भरकटले.

पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसन यांचाच निघाला! संग्रहालयातून लांबवलेला, नव्याने शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. चोरीपेक्षा मला ती चिठ्ठी जास्त खुपते. पक्षी चोरीला गेला तर एक नमुना जातो. पत्ता खोटा दिला की पुढच्या सगळ्यांच्या वाटा चुकतात. मांडवी वगळून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शहाद्याजवळ पोचले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी रानपिंगळा समोर बसलेला होता, 113 वर्षांनी. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट अशी सातपुड्याची ठिकाणं जोडली गेली आणि 2014 मध्ये तो थेट मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानशाच्या रानात दिसला.

म्हणून आम्ही तिथे. एकाने मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावायला काढला, तो आम्ही बंद करायला लावला. विणीच्या दिवसांत नराला खोटा प्रतिस्पर्धी ऐकवून बेजार करायचं आणि वर फोटो मिरवायचा, हे काही बरं नाही.

नऊच्या सुमारास आमच्यातल्या बँकवाल्याने हात वर केला. ऐनाच्या झाडावर, उन्हाकडे तोंड करून, वाटोळं डोकं. ठिपके दिसेनात. शेपटी फांदीआड. आम्ही श्वास रोखून पाच मिनिटं उभे. तो एकदा आमच्याकडे वळला आणि ओढ्यापलीकडे निघून गेला.

‘रानपिंगळाच,’ आम्ही तिघे म्हणालो.

थालीपीठ बाजूला ठेवून बँकवाल्याने वही काढली. तारीख, वेळ, झाड लिहिलं. पुढे लिहिलं: पिंगळा, एक, शेपटी पाहिली नाही, जात नक्की नाही.