टोमॅटोची लेखमाला : धूर नको, ऊब हवी

तार-बांबूची बांधणी आज सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण दिंडोरी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि उन्हाळी टोमॅटोची लागण केलेल्या प्रत्येकाला त्याचं उत्तर आत्ताच हवं आहे. लागण नुकतीच झालेली, रोपं वीतभर, आणि पारा उतरू लागला. त्यांनी बांधावर पाचट आणि ओला पालापाचोळा घालून रात्रभर शेकोट्या धुमसत ठेवल्या. पहाटे रान धुरानं भरलं होतं, तरी ओढ्याकडच्या सऱ्यांतली रोपं करपली. ‘धूर कमी पडला का?’ असं ते विचारतात.

धूर भरपूर होता. त्याचा इथे उपयोगच नसतो. आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की जमीन आणि पानं दिवसभराची उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात वर सोडत राहतात. ढग आले की ती अडते, म्हणून ढगाळ रात्री गारठा कमी. धूरही ढगासारखाच दिसतो, म्हणून तोही अडवत असेल असा समज झाला. पण ढगातले थेंब दहा-वीस मायक्रॉनचे असतात आणि धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान. जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेची लहर साधारण दहा मायक्रॉनची. ती या बारीक कणांमधून सरळ निघून जाते. उलट सकाळचं कोवळं ऊन मात्र धूर अडवतो आणि गारठलेली रोपं उशिरा तापतात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. 1913 च्या जानेवारीत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा गोठल्या आणि तिथे बागोबाग तेलाच्या शेगड्या आल्या. तिथेही काजळी जितकी दाट तितकं संरक्षण पक्कं असा समज होता. मोजमाप झाल्यावर कळलं की काम आगीची ऊब करते, धूर नाही. पुढे कमी धुराच्या शेगड्या आल्या आणि नंतर उंच खांबांवरचे पंखे. पंख्यांचं तत्त्व साधं आहे : अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तीस-चाळीस फुटांवरची काही अंशांनी उबदार असते, ती खाली ओढायची. शेकोटी करायचीच असेल तर म्हणूनच एक मोठा जाळ करू नका. त्याची उष्णता सरळ उंच निघून जाते आणि आजूबाजूची गार हवा आत ओढली जाते. कोरड्या सरपणाच्या पुष्कळ छोट्या शेकोट्या, रानभर विखुरलेल्या, पहाटेच्या दोन-तीन तासांसाठी, एवढंच काय ते हाती लागतं.

आता ओढ्याकडच्या सऱ्या. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहत जाते आणि खोलगट जागी साचते. खालच्या बाजूला दाट कुंपण किंवा उंच बांध असेल तर ती तिथेच तुंबते. अशा कुंपणाला मध्ये वाट ठेवावी. लवकरची लागण करताना तळाची पट्टी सोडून द्यावी, तिथे पंधरा-वीस दिवस उशिरा रोपं लावावीत. माझ्या मते हा एक निर्णय सगळ्या शेकोट्यांपेक्षा मोलाचा आहे.

खरी ऊब मात्र दिवसा मिळवायची असते. ओली, बसलेली जमीन उन्हात तापते, खोलपर्यंत उष्णता साठवते आणि रात्रभर ती वर देत राहते. कोरडी भुसभुशीत जमीन यातलं काहीच नीट करत नाही. म्हणून कडाक्याचा अंदाज आला की खुरपणी थांबवा आणि पाणी दुपारच्या आत द्या. पहाटे ठिबक चालवण्याची आपल्याकडची रीत चुकीची नाही. विहिरीचं पाणी थंडीत हवेपेक्षा पुष्कळ कोमट असतं. एक लिटर पाणी 24 अंशांवरून 10 अंशांवर येताना 14 किलोकॅलरी उष्णता सोडतं. पण ठिबकनं पडणारं पाणीच थोडं, त्यामुळे आधार मर्यादित. पानांवर मात्र पाणी मारून थांबू नका. ते सुकताना पान आणखी गार होतं, आणि करप्याला आमंत्रण मिळतं ते वेगळंच.

पाचटाचं आच्छादन मला एरवी अतिशय आवडतं, पण या महिन्यात ते रोपांच्या ओळीत नको. पाचट जमिनीची ऊब जमिनीतच कोंडतं. मुळं सुखात राहतात आणि वरची पानं जास्त गारठतात. थंडी सरली की अंथरा.

झाकायचं तर कशानं, हेही पत्रात आहे. साधं पातळ पॉलिथिन जमिनीची उष्णता काचेसारखी अडवत नाही. निरभ्र रात्री त्या बोगद्यातली हवा बाहेरच्यापेक्षाही गार झालेली आढळते. रोपांसाठी 17 जीएसएमचं न विणलेलं क्रॉप कव्हर घ्या. त्यानं एक-दोन अंशांचाच फरक पडतो, पण अशा पहाटे तेवढाच लागतो. कमानींवर ताणा, पानाला टेकू देऊ नका, कडा मातीनं दाबा. आणि ते ऊन उतरण्याआधी, चार-साडेचारला घाला. अंधार पडल्यावर घातलं तर कोंडायला उष्णताच उरलेली नसते. सकाळी ऊन चढलं की उघडा.

जाता जाता एक. थंडीत पानांची खालची बाजू जांभळी दिसली की अनेक जण घाईनं डीएपी टाकतात. बहुतेक वेळा स्फुरद जमिनीत असतं, गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. जमीन तापली की नवी पानं हिरवी येतात. तोवर खतावर पैसे घालू नका.

पत्रलेखकांनी वर्तमानपत्रातला निफाडचा आकडा पाहून अंदाज बांधला होता. हवामान केंद्रातला तापमापक पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. निरभ्र रात्री रोपाच्या शेंड्याजवळ पारा त्याहून दोन-चार अंश खाली असू शकतो. तेव्हा एक साधा तापमापक आणा, रानाच्या सर्वांत खोलगट जागी वीतभर उंचीवर काठीला बांधा आणि उजाडण्याआधी वाचा. आठवडाभराचे आकडे मला लिहून पाठवा. बांधणीचं पुढच्या आठवड्यात नक्की.