चढावर मागचा आस मुरडू नये म्हणून

रत्नागिरीहून साखरतरचा पूल ओलांडून गणपतीपुळ्याकडे निघाले, की आरे-वारेचा किनारा लागतो. खाली पुळण व सुरूचे बन, वर जांभ्याचा सडा, आणि या दोहोंमधील उतारावर हापूसच्या बागा, अशी या भागाची ठेवण आहे. डांबरी रस्ता डोंगराच्या कडेने वळणे घेत चढतो. परंतु बागेत शिरणारी वाट डांबरी नसते. ती कातळात फोडलेली, सुट्या खड्यांनी भरलेली व कित्येक ठिकाणी छातीवर येणारी असते. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे व भुरी यांवरील फवारणीसाठी लागणारे पाणी याच वाटेने वर न्यावे लागते आणि मार्चपासून आंब्यांनी भरलेली क्रेट याच वाटेने खाली येतात. जड ओझे चढावर व नाजूक माल उतारावर, असा हा व्यवहार आहे. तो बहुतेक ठिकाणी जुन्या जीपगाड्या व मागे पाटे असलेले पिकअप यांवरच चालतो.

अशा गाडीचा चालक चढ सुरू होताच क्लच सोडतो, आणि मागील चाकांखालून धडधड असा आवाज येऊ लागतो. गाडी पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी उड्या मारते. 'चाक घसरतेय' असे म्हणून चालक अॅक्सिलरेटर अधिक दाबतो व धडधड आणखी वाढते. गाडी गेल्यावर वाटेकडे पाहिले, तर चाकाने सलग ओरखडा काढलेला नसून हात-दीड हाताच्या अंतराने खरवडलेले तुकडे दिसतात. ही निव्वळ घसरण नव्हे. गाडीचा मागील आस पाट्यांना पीळ घालीत मुरडतो व सुटतो, पुन्हा मुरडतो व पुन्हा सुटतो, त्याची ही खूण होय.

ज्यांनी ट्रॅक्टर चालविला आहे त्यांस हा प्रकार समजण्यास अडचण पडू नये. नांगर अडकला असता चालकाने जोर लावला, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते. मागील चाके पुढे फिरू पाहतात, ती अडली की चाके फिरविणारे धड उलट दिशेने फिरू पाहते. ट्रॅक्टरच्या मागील आसास पाटे नसतात; आस व धड एकजीव असतात, म्हणून तेथे सगळा ट्रॅक्टरच उचलला जातो. जीपमध्ये आस पाट्यांवर बांधलेला असतो. त्यामुळे तेथे गाडी उचलत नाही, तर आसाचे हौसिंगच मागे कलंडू पाहते, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ज्या नाकात शिरतो ते नाक वर उचलते. बैलगाडीत हा प्रश्न कधीच उद्भवला नाही, कारण तेथे चाक ओढले जाते, आसातून फिरविले जात नाही.

हे कलंडणे रोखण्याचे काम या गाड्यांत पाट्यांनाच करावे लागते. ओझे पेलणे, आस जागेवर धरणे, चाकांचा रेटा चॅसीपर्यंत पोहोचविणे आणि आसाचा पीळ सोसणे, अशी चार कामे एकाच पाट्यावर सोपविलेली ही मांडणी स्वस्त व दणकट आहे आणि शंभर वर्षांहून अधिक काळ ती टिकून आहे. पीळ पडला, की पाट्याचा पुढील अर्धा भाग अधिक दाबला जातो, मागील अर्धा सैल पडतो व बाजूने पाहता पाट्यास नागमोडी आकार येतो. ब्रेक दाबल्यावर नेमके याच्या उलट घडते. तेव्हा नाक खाली दबते व पुढील भाग सैल होतो. बागेतून माल घेऊन उतरताना हा दुसरा पीळ पडत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या पिळाचे मान किती असते, हे थोड्या गणिताने पाहू. समजा, पाण्याची टाकी भरलेल्या पिकअपच्या मागील आसावर एकंदर १,५०० किलो भार आहे आणि कोरड्या मुरमाड वाटेवर चाकास त्याच्या सहा दशांश इतकी पकड मिळते. म्हणजे चाके ९०० किलोच्या जोराने गाडी पुढे रेटू शकतात. हा जोर जमिनीशी लागतो व पाट्याची बैठक जमिनीपासून काही उंचीवर असते. जोर गुणिले ही उंची म्हणजेच पाट्यांवर येणारा पीळ होय. पाटे आसावर बसविलेले असतील व बैठक ४३ सेंटिमीटर उंच असेल, तर दोन्ही पाट्यांवर मिळून ३८७ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे एकेका पाट्यावर सुमारे १९४ पीळ पडतो. ६५ किलो वजनाचा गडी तीन मीटर लांबीच्या पहारीच्या टोकावर उभा राहिला असता पहारीच्या मुळाशी जी पिळवटणूक होईल, तेवढीच ही आहे, आणि ती प्रत्येक पाट्यावर!

याच गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जुन्या जीपचे पाटे आसाच्या खालून गेलेले असतात. त्यांची बैठक जमिनीपासून २७ सेंटिमीटर धरली, तर त्याच जोराने २४३ किलोग्रॅम-मीटरच पीळ येतो. म्हणजे पाटे आसाखालून काढून आसावर बसविले, की पीळ दीडपटीहून अधिक होतो. आज पुष्कळजण गाडी उंच दिसावी किंवा कातळास पोट लागू नये, म्हणून हा बदल करवून घेतात, अथवा आस व पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात. पाच सेंटिमीटरचा ठोकळा बैठकीची उंची ४३ वरून ४८ करतो. पोट लागण्याची अडचण खरी आहे. पण मागील आसाचा डिफरन्शियल ठोकळ्याने तिळभरही वर येत नाही, तो चाकाच्या व्यासावरच अवलंबून राहतो. तेव्हा या ठोकळ्याचा बागायतदारास फायदा थोडा व तोटा फार, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पीळ पडून सुटण्याचा प्रत्येक धक्का प्रथम यू-बोल्ट व सेंटर बोल्ट यांवर, नंतर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर बसतो. नाक वर उचलले, की क्रॉसचा कोन बिघडतो आणि त्याच क्षणी चाक पकड घेते. क्रॉस मोडतो तो बहुधा अशा वेळी. सपाटीवर क्रॉस मोडला, तर दिवस वाया जातो, इतकेच. चढावर मात्र गोष्ट निराळी आहे. शाफ्ट सुटला, की इंजिनचा गाडीवरील ताबा जातो. शिवाय जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, याच शाफ्टवर असतो. शाफ्टबरोबर हातब्रेकही निरुपयोगी ठरतो. सुटून आपटणारा शाफ्ट ब्रेकची नळीही तोडू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका फवारणीच्या प्रात्यक्षिकासाठी अशाच चढावरून जाताना प्रस्तुत लेखकास हा अनुभव आला आहे. गाडी जुनी जीप होती व मागे ५०० लिटरची टाकी होती. दोनदा धडधड झाली, तिसऱ्यांदा खाडकन आवाज आला व गाडी मागे येऊ लागली. चालकाने सवयीने हातब्रेक ओढला. त्याचा काही उपयोग झाला नाही. पायब्रेकने वेग मंदावला आणि गाडी जांभ्याच्या गडग्याला टेकून थांबली. गडग्याच्या पलीकडे दोन बाया पाला गोळा करीत होत्या. नंतर पाहता एका बाजूच्या यू-बोल्टचे दोन्ही नट हाताने फिरत होते. त्या सकाळी गाडीखाली वाकून पाहण्यास पाच मिनिटे लागली असती.

म्हणून प्रतिबंधाचा आरंभ यू-बोल्टपासून करावा. नट सैल असतील, तर पाट्यांचा गठ्ठा बैठकीवर डुलतो आणि पाटा कितीही जाड असला, तरी पीळ अडत नाही. गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर उचललेली नसताना, समोरासमोरील नट आलटून पालटून आवळावेत व कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत टॉर्क पान्याने पुरे करावेत. नवे बोल्ट घातल्यास काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळणे अवश्य आहे. आटे ताणलेला किंवा गंजाने बारीक झालेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. सेंटर बोल्ट तुटला आहे की काय, हे ओळखण्यास सोपी युक्ती आहे. मागील चाकाच्या मध्यापासून पाट्याच्या पुढील डोळ्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. त्यात फरक आढळल्यास आस सरकला आहे असे समजून गाडी बाहेर काढू नये. त्याच वेळी डोळ्यातील बुश, शॅकल आणि पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपाही पाहाव्यात. क्लिप नसलेल्या गठ्ठ्यातील मुख्य पाटा पिळाच्या वेळी एकटा पडतो व मोडतो.

पीळ प्रत्यक्ष किती पडतो, हे पाहण्याची रीत अनेकजण चुकवितात. ब्रेक दाबून धरून गिअरमध्ये क्लच सोडला, तर नाक हलत नाही व सर्व ठीक आहे असे वाटते. याचे कारण असे, की मागील ब्रेक त्याच हौसिंगवर बसविलेला असतो. इंजिनचा जोर व ब्रेकचा जोर हौसिंगमध्येच एकमेकांस छेद देतात. म्हणून सपाट जागी पुढील चाकांसमोर भक्कम चिरे लावावेत, नाकावर व त्याच्या वरच्या चॅसीवर खडूची खूण करावी, मोबाइलचा कॅमेरा बाजूस जमिनीवर ठेवावा आणि ब्रेक न दाबता पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी सावकाश अर्ध्यापर्यंत सोडून लगेच दाबावा. गाडीच्या पुढे, मागे वा खाली कोणी थांबू नये. दोन खुणांमधील अंतर किती घटते, ते चित्रफितीत दिसते. नट आवळण्यापूर्वी व नंतर अशी दोनदा ही परीक्षा घ्यावी.

नट, बुश व क्लिपा सुस्थितीत असूनही धडधड राहिल्यास पाट्यांच्या पुढील अर्ध्या भागास बळकटी द्यावी लागते, कारण चढावर भार तेथेच वाढतो. चांगला कारागीर पुढील डोळ्यापासून बैठकीच्या किंचित मागेपर्यंत पोहोचणारा एक जाड अर्धा पाटा गठ्ठ्यात घालू शकतो. संपूर्ण लांबीचा जादा पाटा घातल्यास गाडी कडक होते आणि उतरताना आंब्यास मार बसतो. अर्ध्या पाट्याने हा दोष पुष्कळ कमी होतो. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या पुढील डाव्या पाट्यास ब्रेकच्या वेळचा पीळ रोखण्यासाठी असाच एक साहाय्यक पाटा दिलेला असे. मोडलेला पाटा वेल्डिंग करून मात्र कधीही वापरू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे हौसिंगपासून पुढे चॅसीच्या आडव्या पट्टीपर्यंत नेलेला दांडा. तो नाकास वर उचलू देत नाही. त्याचे पुढील टोक चॅसीला घट्ट न जखडता उभ्या शॅकलने टांगले पाहिजे. अन्यथा खड्ड्यात पाटा दबताना दांडा व पाटा यांची ओढाताण होऊन जोड तुटतो. २०१० साली आलेल्या थार गाडीस मागे पाटे होते. २०२० च्या थारमध्ये त्यांच्या जागी वेटोळ्या स्प्रिंगा आल्या व आस धरण्याचे काम अशाच वेगळ्या दांड्यांकडे गेले. असा दांडा किंवा अन्य फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही.

चालविण्याच्या रीतीवरही बरेच अवलंबून आहे. चारचाकी जोर असलेल्या गाडीत तो चढाच्या पायथ्याशीच जोडावा, अर्ध्यावर अडकल्यानंतर नव्हे. जोर दोन आसांत वाटला गेल्याने मागील पाट्यांवरील पीळ कमी होतो. डांबरी रस्त्यावर येताच तो सोडावा. धडधड सुरू झाली, की पाय तत्काळ उचलावा, गाडी ब्रेकवर धरावी, हळूहळू मागे घ्यावी व वाट थोडी बदलून पुन्हा चढावे. पाण्याची टाकी मागील आसाच्या पुढे ठेवावी. फळकुटावर मागे ठेवलेली टाकी पुढील चाके हलकी करते. अर्धी भरलेली टाकी चढावर हिंदकळते, म्हणून ५०० लिटर पाणी हवे असल्यास ५०० लिटरचीच टाकी न्यावी.

आरे-वारेसारख्या ठिकाणी खारी हवा व पुळणीवरील ओली वाळू पाट्यांमध्ये शिरून गंज धरते. गंजाच्या खळीपासूनच पाटा तडकतो. पुळणीवर गाडी गेली असल्यास त्याच दिवशी पाटे व यू-बोल्ट गोड्या पाण्याने धुवावेत. हंगाम संपल्यावर, पावसापूर्वी, गठ्ठा उतरवून पाटे घासावेत, तडे पाहावेत, मग पुन्हा बांधताना यू-बोल्ट नवे घालावेत.